खेळ आपला, सातबारा त्यांचा

२०२० ची कोजागिरी ३० ऑक्टोबरला आली होती. जव्हारला आमच्या गच्चीवर दूध आटत होतं, लॉकडाऊनमुळे मुंबई-नाशिकला शिकणारी पोरं घरीच होती, आणि माझा भाचा मात्र दुधाकडे न फिरकता टाकीमागच्या कोपऱ्यात बसला होता. आमच्याकडे रेंजच्या दोन काड्या तेवढ्याच कोपऱ्यात येतात. "मामा, आज पबजीचा शेवटचा दिवस. उद्यापासून बंद," तो म्हणाला. मी सहज विचारलं, "बंद म्हणजे? तुझ्याच मोबाइलमध्ये आहे ना तो? जाणार कुठे?"

त्याने माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. पण जाणार कुठे, हे त्यालाही सांगता आलं नाही. प्रश्न अडाण्याचा होता खरा. तरी त्याचं उत्तर शोधताना मला एका संपलेल्या, परत आलेल्या, पुन्हा संपलेल्या आणि आज पुन्हा चालू असलेल्या खेळाची गोष्ट सापडली. त्या खेळाकडे येण्याआधी पबजीचं उरकून घेऊ.

गलवानला चिनी सैन्याशी झालेल्या चकमकीनंतर केंद्र सरकारने चिनी ॲपवर बंदी आणायला सुरुवात केली. जूनअखेरीस टिकटॉकसह ५९ ॲप गेली. २ सप्टेंबरला माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६९ अ खाली आणखी ११८ ॲपची यादी आली आणि तिच्यात पबजी मोबाइल होता. मूळ खेळ कोरियन कंपनीचा. मोबाइलवरची आवृत्ती मात्र चीनच्या टेन्सेंटकडे होती. सेन्सर टॉवर या संस्थेच्या अंदाजानुसार तोवर भारतात तो सुमारे १७.५ कोटी वेळा उतरवून घेतला गेला होता. प्ले स्टोअरवरून तो लगेच गायब झाला, पण ज्यांच्या मोबाइलमध्ये आधीपासून होता त्यांचा खेळ चालूच राहिला. पुढचे जवळजवळ दोन महिने पोरांना वाटत होतं, आपण वाचलो. ३० ऑक्टोबरला कंपनीने भारतापुरता सर्व्हर बंद केला. ॲप मोबाइलमध्ये जसंच्या तसं. चित्र उघडायचं, संगीत वाजायचं, आणि पुढे काहीच नाही.

आता "जाणार कुठे" या प्रश्नाकडे येऊ. मोबाइलमध्ये असतं ते सामान: नकाशे, झाडं, घरं, बंदुकांचे आवाज, कपड्यांची चित्रं. खेळ त्यात नसतो. आठ किलोमीटर लांब आणि तितक्याच रुंद बेटावर शंभर जण उतरले आहेत, त्यातला कोण कुठल्या भिंतीमागे आहे, कुणाची गोळी कुणाला लागली, कोण मेलं, कुणाच्या खात्यावर कुठला सदरा आहे, हे सगळं दूरच्या एका संगणकावर ठरतं. तो सर्व्हर. शंभर मोबाइल आपापल्या हालचाली त्याला कळवतात आणि तो सेकंदाला कित्येक वेळा सगळ्यांना निकाल सांगतो. असं का? कारण शंभर जणांपैकी प्रत्येकाच्या मोबाइलने स्वतःच निकाल द्यायचं ठरवलं, तर प्रत्येक जण जिंकेल. कबड्डीत पंच लागतो तसा इथे सर्व्हर लागतो. फरक एवढाच, की कबड्डीचा पंच आला नाही तर गावातला कुणीतरी शिट्टी तोंडात धरतो. इथे शिट्टी, मैदान आणि गुणांची वही या तिन्ही गोष्टी पंचाच्याच कपाटात असतात, आणि कपाटाला कुलूप.

जव्हार-मोखाड्यात हे समजवायला फार बोलावं लागत नाही. जमीन पायाखाली असणं आणि नावावर असणं यातला फरक इथे पोराटोरांना कळतो. आजाने साफ केलेली वरकस, बापाने नांगरलेली, आपण नाचणी-वरई पेरतोय. पण कागद वनखात्याचा. २००६ चा वनहक्क कायदा आला, दावे भरले गेले, काहींना पट्टे मिळाले, काहींच्या फायली अजून कुठल्या तरी टेबलावर आहेत. ऑनलाइन खेळात प्रत्येक खेळाडू असाच कसणारा असतो. वर्षानुवर्षं वेळ घालायचा, पैसे घालायचे, पातळी वाढवायची. सातबारा कंपनीच्या नावावर. खेळ सुरू करताना "मान्य आहे" म्हणून आपण जे बटण न वाचता दाबतो, त्यात बहुधा हेच लिहिलेलं असतं: तुम्ही काही विकत घेत नाही, वापरायचा परवाना घेता, आणि तो आम्ही कधीही काढून घेऊ शकतो.

पबजीचं उदाहरण घरातलं. पण या प्रकरणातला सगळ्यात बोलका खेळ बंदुकीचा नव्हे, कोड्यांचा आहे.

१९९३ साली अमेरिकेत 'मिस्ट' नावाचा खेळ आला. रँड आणि रॉबिन मिलर या दोन भावांच्या सायन नावाच्या छोट्या कंपनीने तो केला होता. एक ओसाड बेट. माणूस नाही, शत्रू नाही, घड्याळ नाही, मरण नाही. फक्त बंद दारं, न कळणारी यंत्रं, आणि काही पुस्तकं, ज्यांच्या पानावरच्या हलत्या चित्रावर हात ठेवला की माणूस दुसऱ्याच जगात जातो. असा संथ खेळ चालेल असं कुणाला वाटलं नसेल, पण तो साठ लाखांहून जास्त खपला आणि २००२ पर्यंत संगणकावरचा सगळ्यात खपाचा खेळ राहिला. त्या काळात एकच संगणक असलेल्या घरात तो कसा खेळला जायचा हे सांगण्यासारखं आहे. माउस एकाच्या हातात, आणि मागे तिघं-चौघं "अरे, ती कळ डावीकडे फिरव" म्हणून ओरडताहेत. कोडं एकट्याने सोडवायचं असलं तरी माणसं त्याच्याभोवती गोळा होतातच.

रँड मिलर यांनी पुढे हेच उचललं. जगभरचे लोक एकाच वेळी, एकाच जगात, मिळून कोडी सोडवतील असा खेळ त्यांनी योजला. नाव 'उरू'. मराठी कानाला ते 'उरणं'सारखं ऐकू येतं, आणि झालंही तसंच. न्यू मेक्सिकोच्या वाळवंटाखाली डनी नावाच्या लोकांचं एक पडकं शहर आहे, आणि आपण तिथे शोध घ्यायला उतरलेले प्रवासी आहोत, अशी कल्पना. त्या लोकांची मोजणी दहावर नाही, पंचवीसवर चालते. म्हणजे पंचवीस झाले की पुढचं घर. खेळाडूंनी ते अंक पाठ केले, लिपी शिकून घेतली, आपसात शिकवण्या चालवल्या. प्रत्येकाला ढगांत तरंगणारं स्वतःचं एक छोटं बेट, त्यावर एक खोपटं आणि आत पुस्तकांची फळी. नवं जग सापडलं की फळीवर पुस्तक वाढतं. त्याशिवाय एक वस्ती असायची, मध्ये कारंजं असलेली, जिथे आपल्या गटातली माणसं भेटत. तिला ते 'हूड' म्हणत. आपण पाडा म्हणू.

जगोजागी भिंतींवर, कड्यांवर हाताच्या पंजाची खूण असलेली सात फडकी टांगलेली असत. सातही शोधून त्यांना हात लावला की एक दार उघडायचं. सातवं फडकं नेमकं आपण तीनदा जिथून गेलो त्या खांबाच्या पाठीमागे असे. पुढे पुढे आलेल्या काही बागांची दारं तर एकट्याला उघडतच नसत. माणसं जमवूनच जावं लागे. मग पाड्यावर निरोप: अमुक वाजता या, दोन माणसं कमी पडताहेत. कुणी अमेरिकेत जेवण बाजूला ठेवून यायचं, कुणी युरोपात झोपेतून उठून.

नोव्हेंबर २००३ मध्ये उरू बाजारात आला तो एकट्याने खेळायच्या रूपात. मिळून खेळायचा भाग फक्त निवडक लोकांसाठी, चाचणी म्हणून चालू होता. प्रकाशक होते फ्रान्सचे यूबीसॉफ्ट. फेब्रुवारी २००४ मध्ये त्यांनी हिशेब मांडला, दरमहा पैसे भरणारे पुरेसे मिळणार नाहीत असं ठरवलं, आणि ९ तारखेला सर्व्हर बंद केला. खेळ नीट जन्मायच्या आधीच गेला.

त्या रात्रीची हकीकत सेलिया पिअर्स या अभ्यासिकेने या खेळाडूंवरच्या आपल्या पुस्तकात नोंदवली आहे. लोक पाड्यावरच्या कारंज्याभोवती जमले. गप्पा मारल्या, लपाछपी खेळले. शेवटी सगळे जवळजवळ उभे राहिले. मध्यरात्रीच्या सुमाराला चित्र गोठलं आणि पडद्यावर एक चौकोन आला: तुमच्या इंटरनेट जोडणीत काहीतरी बिघाड आहे. खाली एकच बटण, 'ओके'. संगणकाला बिचाऱ्याला काय माहीत. पण कितीतरी जणांना ते बटण दाबवेना.

इथे एक गोष्ट नीट पाहायला हवी. उरू बंद पडला तो लोकांना आवडला नाही म्हणून नव्हे. कोड्यांच्या धंद्यातच एक पेच आहे. पबजीचं बेट एकदा केलं की वर्षानुवर्षं पुरतं, कारण तिथे रोज नवा असतो तो प्रतिस्पर्धी. कबड्डीचं मैदान कुणी दर हंगामात बदलत नाही. कोड्याचं उलट आहे. एकदा सुटलं की ते शिळं झालं, आणि एकाने सोडवलं की उत्तर दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्या तोंडी. वीस-पंचवीस कलाकार नि तंत्रज्ञांनी सहा महिने खपून केलेलं जग शौकीन लोक एका शनिवार-रविवारात फस्त करतात आणि सोमवारी विचारतात, पुढचं कधी? दरमहा पैसे घ्यायचे तर दरमहा नवं द्यायला हवं, आणि नवं करण्याचा वेग सोडवण्याच्या वेगाला कधीच गाठत नाही. मला वाटतं उरूच्या माणसांना हे ठाऊक असणार. त्यांची भिस्त होती ती पाड्यावर: लोक कोड्यांसाठी येतील आणि माणसांसाठी थांबतील. लोक थांबलेही. हिशेबाच्या वहीत मात्र थांबलेल्या माणसांचा रकाना नव्हता.

थांबलेले लोक पुढे काय करतात? उरूचे खेळाडू वाटा शोधत निघाले. काही 'सेकंड लाइफ' या आभासी जगात गेले, काही 'देअर' नावाच्या दुसऱ्या जगात. तिथे त्यांना आधीचे रहिवासी निर्वासितच म्हणायचे, आणि तेही स्वतःला तसंच म्हणवून घेत. त्यांनी पहिल्यांदा काय बांधलं असेल? कारंजं. आठवणीतून, जुन्या चित्रांवरून, मोजमापं जुळवून. धरणाखाली गेलेल्या गावातली माणसं नव्या वसाहतीत आधी मारुती बसवतात, तसं. आणि नशीब असं, की मार्च २०१० मध्ये 'देअर'ही बंद पडलं. एकाच खेळामागे दोनदा विस्थापन.

इकडे सायनने एक वेगळी गोष्ट केली. २००४ मध्येच त्यांनी चाहत्यांना स्वतःचे सर्व्हर चालवायची मुभा दिली. कुणाच्या घरच्या, कुणाच्या भाड्याच्या संगणकावर उरूची छोटी छोटी बेटं तग धरून राहिली. २००५ मध्ये खुद्द सायनच बुडायला आली होती. जवळजवळ सगळ्यांना घरी पाठवलं आणि काही आठवड्यांत परत बोलावलं. फेब्रुवारी २००७ मध्ये गेमटॅप नावाच्या सेवेने उरू पुन्हा चालू केला. दर काही दिवसांनी नवं काहीतरी येऊ लागलं. एप्रिल २००८ मध्ये तेही बंद. कारण तेच जुनं. खेळाडूंनी दुसऱ्यांदा तोच निरोप समारंभ केला. या वेळी त्यांना सवय होती.

शेवटी फेब्रुवारी २०१० मध्ये सायनने स्वतःच सर्व्हर लावला. फुकट, चालवायचा खर्च खेळाडूंच्या देणगीतून. २०११ मध्ये त्यांनी खेळाचा गाभा, म्हणजे खेळाडूच्या बाजूची संगणक-आज्ञावली, मुक्त परवान्याखाली खुली केली. म्हणजे सातबाऱ्यावर निदान इतर हक्कांत कसणाऱ्यांची नोंद झाली. पुढे चाहत्यांनी रचलेली नवी जगं मूळ खेळात घेतली गेली. कोडी करणारे कमी आणि सोडवणारे जास्त, हा जुना पेचही त्यामुळे थोडा सैलावला. आज तिथे गर्दी नसते. पण कारंज्यापाशी कुणी ना कुणी भेटतं म्हणतात.

सायनच्या औदार्याने भारावून जाऊ नये. त्यांनाही धंदा जमला असता तर त्यांनी कुलूप काढलं नसतं. पण कुलूप काढता येतं, हे त्यातून दिसलं. अशी आणखी उदाहरणं कमी आहेत. 'ग्लिच' नावाचा असाच एक हसरा, मारामारी नसलेला खेळ डिसेंबर २०१२ मध्ये बंद झाला. कंपनीने त्यातली बहुतेक चित्रं पुढच्या वर्षी कुणालाही वापरायला मोकळी करून दिली. त्या खेळावर काम करताना आपसात बोलायला त्यांनी जे साधन बनवलं होतं, ते पुढे 'स्लॅक' म्हणून विकलं. पुण्या-मुंबईच्या आयटीतली कितीतरी माणसं दिवसभर स्लॅकवर असतात. एका मेलेल्या खेळाच्या हाडांवर आपण टाइप करतोय हे त्यांच्या गावीही नसतं.

आणि यूबीसॉफ्ट? वीस वर्षांनी तेच पुन्हा. त्यांचा 'द क्रू' हा २०१४ चा गाड्यांच्या शर्यतीचा खेळ, एकट्याने खेळायचं असलं तरी सर्व्हरला जोडल्याशिवाय न चालणारा. ३१ मार्च २०२४ ला तो बंद झाला. पूर्ण पैसे मोजून घेतलेल्या लोकांचा परवानाच काढून घेतला गेला. त्यावरून रॉस स्कॉट या यूट्यूबवरच्या माणसाने 'स्टॉप किलिंग गेम्स' ही मोहीम सुरू केली. तिची मागणी माफक आहे: सर्व्हर कायम चालवा असं कुणी म्हणत नाही, बंद करताना खेळ चालू राहील अशी काहीतरी सोय करून जा. युरोपात या मागणीवरच्या सह्यांनी जुलै २०२५ मध्ये दहा लाखांचा टप्पा ओलांडला. कॅलिफोर्नियाने तर कायदाच केला, की परवाना देत असाल तर 'विकत घ्या' असं नुसतं लिहून गिऱ्हाइकाला फसवू नका.

आमच्याकडे एक खेळ असा आहे ज्याचा सर्व्हर कुणाला बंद करता आलेला नाही. बोहाडा. जव्हार, मोखाडा, विक्रमगड या पट्ट्यात होळीच्या आगेमागे, काही गावांत त्याहून उशिरा, रात्र रात्र चालणारा. संबळ नि पिपाणी वाजते, टेंभ्यांच्या उजेडात एकेक सोंग येतं: गणपती, शारदा, नरसिंह, रावण. शेवटी जगदंबा आणि महिषासुराचं युद्ध. लाकडाचे, कागदाच्या लगद्याचे मुखवटे. सोंग म्हणजे नुसता मुखवटा नव्हे. त्याची चाल आहे, पावलं आहेत, संबळाचा ठेका आहे, आणि ते नाचवण्याचा मान ठरलेला आहे. कुठलं सोंग कुणाच्या मागून यायचं हे कागदावर पाहायला जाल तर मिळणार नाही. एका म्हाताऱ्याला थोडं माहीत असतं, वाजवणाऱ्याला थोडं, मुखवटा रंगवणाऱ्याला थोडं. रावणाचा मुखवटा फुटला तर नवा होतो. एक घर गाव सोडून गेलं तर मान दुसऱ्याकडे जातो. संगणकवाले ज्याला विकेंद्रित म्हणतात, ते हेच.

तरी बोहाड्याला अमरपट्टा बांधलेला आहे असं नाही. त्याला माणसं लागतात, आणि इथली माणसं दिवाळी झाली की वसई-भिवंडीकडे वीटभट्टीवर, बांधकामावर निघतात. पाडेच्या पाडे कुलूपबंद. होळीला परत येतात म्हणून सोंग निघतं.

भाच्याचं राहिलंच. २ जुलै २०२१ ला पबजी भारतात 'बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया' या नावाने परत आला, या वेळी थेट कोरियन कंपनी क्राफ्टनकडून. त्यात एक सोय होती: जुन्या खात्यातला माल नव्या खात्यात आणता येत होता. त्याने टाकीमागच्या कोपऱ्यात बसून ते केलं, आणि ओरडतच खाली आला. त्याचा जुना लाल कोट, बॅगा, बंदुकीवरचे रंग, सगळं जागच्या जागी. म्हणजे गेलं काहीच नव्हतं. दोनशे पंचेचाळीस दिवस कुठल्या तरी संगणकात सगळं घडी घालून ठेवलेलं होतं, दार तेवढं बंद होतं. माझ्या कोजागिरीच्या प्रश्नाचं उत्तर एवढं साधं निघालं.

पुढे २८ जुलै २०२२ ला सरकारने हाही खेळ स्टोअरवरून काढायला लावला आणि मे २०२३ मध्ये तो परत आला, या वेळी अठरा वर्षांखालच्यांना दिवसाला तीन तास आणि मोठ्यांना सहा तास एवढंच खेळायचं बंधन घालून. पण ही पुढची गोष्ट.

२०२१ च्या त्या जुलैतल्या संध्याकाळी भाच्याने लाल कोट चढवला आणि चौघांची टोळी जमवायला फोन लावले. एक जण बोईसरला कंपनीत लागला होता, त्याची रात्रपाळी. दुसऱ्याने मोबाइल विकला होता. तिसऱ्याचा नंबर लागेना. त्याच्या पाड्यावर पाऊस लागला की टॉवर जातोच. खेळाने आपणहून तीन अनोळखी माणसं दिली, कुठली तरी हिंदी, कुठली तरी तेलुगू बोलणारी. विमान बेटावर आलं. भाच्याने उडी मारली, आणि सवयीने मराठीत ओरडला, "डावीकडे, डावीकडे उतरा रे!"